ढगातलं बोलणं

माझे जावई चष्म्याच्या काचा घासतात. डोळे तपासणारे डॉक्टर वेगळे, दुकानाचे मालक वेगळे. जावई आतल्या अरुंद खोलीत यंत्रापाशी बसतात, काच फ्रेमच्या मापाला आणतात, तिची कड घासतात आणि टक्कन बसवून देतात. आयुष्यभर काच हाताळली की बोटांना एक वळण लागतं. मधे धरायचं नाही, काठाला धरायचं. मग पाण्याचा पेला असो, वर्तमानपत्र असो, सगळं काठालाच. लग्नात माझ्या लेकीचा हातसुद्धा त्यांनी बोटांच्या टोकांना धरला होता. मला वाटलं, पळून जायच्या बेतात आहेत की काय.

माणूस सरळ. पान नाही, पत्ते नाहीत, संध्याकाळी कट्ट्यावर टोळकं नाही. नाद म्हणाल तर एकच, कॉमिकचा. स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ बाई म्हणाल्या होत्या, मुलाला वाचनाची फार आवड आहे. मी हुरळून गेले. बिऱ्हाड लावून द्यायला गेले आणि बघते तर वाचन म्हणजे चित्रांची पुस्तकं. मी लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, हे तर अजून पहिलीतच आहेत."

ती म्हणाली, "असू दे गं. घरात तरी असतात."

तर मी लेकीकडे गेले ती चष्म्यासाठी. जुन्या चष्म्यातून मला सुईत दोरा सोडाच, सुईसुद्धा दिसेनाशी झाली होती. जावईबापू म्हणाले, "आई, या तुम्ही, चार दिवसांत करून देतो." फ्रेम मी निवडली, काचा त्यांनी घासल्या, आणि एक स्क्रू ढिला वाटतोय म्हणून ते चष्मा दुकानातच ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सगळं बंद झालं. रस्ते बंद, गाड्या बंद, दुकानाला कुलूप आणि कुलपाच्या आत माझे डोळे.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आमची आई म्हणायची. माझी तर अक्कल जाऊन परत यायची वेळ आली तरी मी तिथेच. तेही जावयाच्या घरी. पहिले काही दिवस मी सोफ्यावरसुद्धा पाय खाली सोडून बसत होते. पुढे पुढे काय, पाय वर घेतले, चहात साखर कमी आहे हेही सांगायला लागले.

घर तिसऱ्या मजल्यावर. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. लेक औषधांच्या दुकानात काउंटरला, त्यामुळे तिला सुटी नव्हती. सकाळी पास गळ्यात अडकवून जायची, संध्याकाळी यायची ती चपला दाराबाहेर टाकून थेट न्हाणीघरात. दारापाशी स्टुलावर सॅनिटायझरची ही मोठी बाटली. त्या दिवसांत माणसं एकमेकांना बरं आहे का विचारायची नाहीत, "हात धुतलेस का?" विचारायची. दूधवाल्याला तेच, पोरीला तेच, सासूलाही तेच.

पोर म्हणजे माझी नात. ती जन्मली तेव्हापासून तिचा आवाज तिच्याआधी खोलीत येतो, म्हणून मी तिला टिटवी म्हणते. तेव्हा तिसरीत होती. शाळा वडिलांच्या फोनवर. बाई काय शिकवतायत ते सोडून ही बाईंना विचारायची, "बाई, तुमच्यामागे कोण घोरतंय?"

दुकान बंद, त्यामुळे जावई दिवसभर घरी. सकाळी उठून केर काढायचे, कुकर लावायचे, आणि मग मागच्या खोलीतली खोकी बाहेर काढायचे. काचा ज्या खोक्यांतून येतात तीच खोकी. त्यांत कॉमिकं उभी लावलेली, एकेक पारदर्शक पिशवीत, पाठीला पुठ्ठा, तोंडाला चिकटपट्टी. पिशवी उघडायची, पुस्तक काठाला धरून वारा द्यायचा, वास घ्यायचा, नवीन पुठ्ठा कापायचा, परत पिशवीत. मी म्हटलं, "बापू, वाचता कधी?" तर म्हणाले, "वाचलीयत हो आई. आता फक्त जपायची."

आठवड्यातून एकदा त्यांच्यासारख्यांची फोनवर सभा भरायची. स्क्रीनवर सगळे चाळिशी उलटलेले, निम्म्यांना टक्कल, कुणाच्या मागे इस्त्रीचे कपडे, कुणाच्या मांडीवर नातेवाइकाचं पोर. आणि चर्चा काय तर अमक्या अंकात त्याच्या पट्ट्याचा रंग निळा होता की छापणाऱ्याने चुकवला. तासभर! एक जण तर रागावून फोन बंद करून गेला. मी लेकीला म्हटलं, "बाहेर जग बुडतंय आणि हे पट्टा धरून बसलेत." ती म्हणाली, "बुडताना काहीतरी धरावंच लागतं ना."

त्या सगळ्या ढिगात एक मालिका त्यांच्या जिवाची. तिच्यातल्या वीराचं नाव भेदक. तो भिंतीतून जातो. मी त्याला भिंतफोड्या म्हणायचे, ते त्यांना सहन व्हायचं नाही. "फोडत नाही, आई. आरपार जातो. भिंतीला चरासुद्धा पडत नाही." लहानपणी त्यांनी ती रद्दीच्या दुकानातून फाटकीतुटकी मिळेल तशी वाचली होती. कधी शेवट नाही, कधी सुरुवात नाही. पुढे कमावते झाल्यावर एकेक चांगली प्रत शोधून सगळी माळ पुरी केली. टिटवी पाळण्यात होती तेव्हाच त्यांनी जाहीर केलं होतं, ही पोरीसाठी. तिला वाचता यायला लागलं की आम्ही दोघं पहिल्या अंकापासून मिळून वाचणार. येईल त्याला सांगायचे, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यालासुद्धा, आणि त्याला तर ऐकूही येत नव्हतं.

पण पोरीचे हात पोरीचेच. कधी खडूने माखलेले, कधी जॅमने. "थोडी मोठी होऊ दे," म्हणायचे. मग परत, "अजून थोडी." लेक चिडवायची, "अरे, ती म्हातारी होईपर्यंत थांबणार आहेस का?"

तर सगळं बंद झालं आणि वेळच वेळ मिळाला, तेव्हा एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "टिटवे, आज आपण भेदक सुरू करू."

पोरीने अशी किंकाळी फोडली की खालून रखवालदाराने वर पाहिलं.

काय ती तयारी! सोफ्यावर धुतलेली चादर घातली. पडदा सरकवून उजेड घेतला. जावयांनी स्वतः दाढी केली, पुस्तकासाठी. मग म्हणाले, "हात धुऊन ये." ती पळत गेली, साबणाने धुऊन आली. पुसलेही. आणि येता येता पोरीच्या मनात काय आलं, अजून चांगले करावेत, म्हणून स्टुलावरच्या बाटलीतून सॅनिटायझर ओतून घेतलं तळहातभर. चोळलं न चोळलं तशीच येऊन बसली आणि पहिल्या पानावर अंगठा ठेवला.

जुनी छपाई, स्वस्तातली शाई. स्पिरिट लागलं मात्र, भेदकाचा लाल मुखवटा पाघळला. त्याचं अर्धं तोंड पोरीच्या अंगठ्याला आलं.

"काढ हात!"

जावयांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी पुस्तक असं ओढलं की पोर मागे कलंडली. ती अंगठा उभा धरून बसून राहिली.

"मी दोनदा धुतले, बाबा," म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही. ते कापूस आणायला गेले होते.

दुपार सगळी त्या पानापाशी गेली. टिपकागद ठेव, कापूस लाव, फुंकर घाल. पोर गॅलरीत बसली होती, अंगठा फ्रॉकला पुसत. संध्याकाळी त्यांची जीभ सैल व्हायला बघत होती, मला दिसत होतं. तिच्या ताटात दोनदा भाजी वाढली. गृहपाठाच्या पेन्सिलींना टोकं करून ठेवली, सगळ्याच्या सगळ्या. पण तोंडातून अवाक्षर नाही. आणि तिने कुठे टोक केलेल्या पेन्सिली मागितल्या होत्या?

दुसऱ्या दिवसापासून टिटवी खोक्यांना वळसा घालून जायला लागली. रुसवा नव्हता तो. रुसलेल्या पोराला आपण मनवू शकतो. ही हसत होती, बोलत होती, वडिलांशी सापशिडी खेळत होती. फक्त त्या खोक्यांच्या वाटेला जायची नाही, जशी काही तिथे तापलेली इस्त्री ठेवलीय.

मला काही हे बघवेना. मी एक दिवस जेवणं झाल्यावर सोफ्यावर बसून म्हटलं, "जावईबापू, माझा चष्मा तुमच्या दुकानात. आता माझी करमणूक तुम्हीच करायची. वाचा त्या भिंतफोड्याचं."

"तुम्हाला?"

"का? मी हात धुतलेत."

हसले. पण काढलं पुस्तक. त्या डागाचं सोडून त्याच्या पुढचं.

पहिल्याच पानाला मी गोंधळ घातला. चित्रं मला धूसर का होईना दिसत होती, पण मी वरून खाली बघत गेले, आणि ते डावीकडून उजवीकडे वाचत होते. मी म्हटलं, "अहो, हा दुष्ट माणूस आधी पडला आणि मार नंतर खाल्ला?"

"आई, आडवं बघायचं. ओळीने."

"बरं. पण आमच्याकडच्या भांडणांत असंच व्हायचं. आधी पडायचं, मग मार लागला म्हणून ओरडायचं."

मागच्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

मग त्यांनी मला फुगे शिकवले. तोंडातलं बोलणं ज्या फुग्यात लिहितात त्याला शेपूट असतं, शेपूट तोंडाकडे वळलेलं. आणि मनातलं बोलणं असेल तर ढग काढतात, ढगाखाली बारके बारके ठिपके. मी विचारलं, "ढगातलं समोरच्याला ऐकू येतं?"

"नाही ना. ते फक्त वाचणाऱ्याला कळतं."

"म्हणजे घरातल्यांना कळत नाही, आणि पुस्तक विकत घेईल त्याला कळतं? वा रे न्याय."

रोज दुपारी एक अंक व्हायला लागला. जावई एरवी बोलतात ते असं की पलीकडच्या माणसाने पुढे वाकून ऐकावं. पण भेदक वाचताना ते कुणी वेगळेच व्हायचे. दुष्टाचा घोगरा आवाज, म्हातारीचा किरटा, आणि धडाम, खळ्ळ, सुंईऽऽ हे सगळे आवाज एकही न गाळता. एकदा "सोडा मला, नराधमांनो!" असं इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. "सगळं ठीक आहे ना हो?" मी ओरडून सांगितलं, "ठीक आहे! जावई वाचतायत!" बाईंचं त्यावर काय मत झालं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांचा टीव्ही बंद होता.

आणि टिटवी जवळ येत होती. आधी मागच्या खोलीच्या दारात, पाठ आमच्याकडे करून, बाहुलीचे केस विंचरत. मग दाराच्या अलीकडे. मग सोफ्यामागे, भिंतीला टेकून. मांजर कसं जवळ येतं, आपल्याला काही देणंघेणं नाही अशा तोऱ्यात, तसं. जावयांच्याही ध्यानात आलं होतं. ते पान थोडं उंच धरायला लागले, मागून दिसावं म्हणून. मी आपली मुद्दाम विचारायचे, "हा कोण?" म्हणजे ते सांगणार आणि तिला कळणार. रात्री अंथरूण घालताना ते मला हळूच म्हणाले, "आई, उद्या येईल बहुतेक. पुढे येऊन बसेल." अहो, डोळ्यांत असं काही होतं की मला मान वळवावी लागली.

आली. भेदक एका विहिरीच्या तळाशी अडकलेला, चारी बाजूंनी अशी भिंत की जिच्यातून त्यालाही जाता येईना. जावयांचा आवाज बारीक झालेला. टिटवी सोफ्यामागून उठली, वडिलांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. ते जराही हलले नाहीत. मीही. पान संपलं. पुढे काय होतं ते तिला हवं होतं. तिचा हात खांद्यावरून पुढे आला, पानाच्या कोपऱ्याकडे.

आणि जावई म्हणाले, "हात धुतलेस का?"

रागाने नाही. अगदी हळू, मायेने म्हणाले. मी शेजारी बसले होते, मी शपथेवर सांगेन, त्यात "ये, बस" एवढंच होतं. त्या दिवसांत सगळेच म्हणायचे तसं तोंडाला आलं. पण ये, बस हे ढगात राहिलं. शेपूट लागलं ते भलत्यालाच.

हात मागे गेला. "नाही," म्हणाली. धुतलेले होते, जेवणानंतर मीच धुवायला लावले होते. पण ती नाही म्हणाली आणि गॅलरीत निघून गेली.

मी म्हटलं, "अहो, जा की मागे."

ते उठले. गॅलरीच्या दारापर्यंत गेले. तिथे उभे राहिले, दाराच्या चौकटीला बोटांची टोकं लावून. गॅलरीतून तिचा आवाज, "कपडे वाळलेत बाबा, काढू?" ते म्हणाले, "काढ." झालं. एवढंच बोलणं.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं! दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन बसले आणि भेदकाच्या सगळ्या पिशव्या कापल्या. ज्या माणसाने वर्षानुवर्षं त्यांना वारा लागू दिला नव्हता त्याने सगळे अंक सोफ्यावर, टेबलावर, जमिनीवर उघडे टाकले. स्वतः त्यांवर पेला ठेवला, पाण्याचं वर्तुळ उमटवलं. लेक घरी आली आणि दारातच थबकली. "अरे, बरा आहेस ना?" तिने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

टिटवीने सगळं गोळा केलं. एकेक अंक काठाला धरून, नीट क्रमाने लावून, खोक्यात ठेवला. म्हणाली, "खराब होतील बाबा. आत ठेव."

शहाणी पोर. सगळे कौतुक करतील अशी. मला मात्र वाटलं, तिने एखादा टरकावून टाकला असता तर बरं झालं असतं.

मग दुकानं उघडली. जावई कामाला लागले, मला चष्मा मिळाला, मी माझ्या घरी आले. विहिरीतून भेदक कसा निघाला ते मी नंतर फोनवर ऐकलं, जावयांनीच वाचून दाखवलं. मी विचारलं, "टिटवी ऐकतेय का?" म्हणाले, "क्लासला गेलीय."

आता ती मोठी झाली. वडिलांशी चांगलं पटतं, उगीच खोटं सांगणार नाही. त्यांच्या वाढदिवसाला त्यांना नव्या पिशव्यांचं पाकीट आणून देते. स्वतः मोबाईलवर कुठल्या कुठल्या परदेशी चित्रकथा वाचते, बोटाने सरसर वर ढकलत. म्हणजे आवड उतरलीय, रक्तातच आहे. फक्त दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचतात.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले होते. टिटवीच्या मैत्रिणी आल्या होत्या, चिवचिवाट नुसता. मागच्या खोलीत त्यांना ती खोकी दिसली. मी आणि जावई पुढच्या खोलीत, दार उघडंच.

एक म्हणाली, "अय्या, कॉमिक्स! बघू?"

"थांब थांब," टिटवी म्हणाली. केवढा अभिमान त्या आवाजात! "बाबांचं कलेक्शन आहे ते. आमच्या घरात कुणी हात लावत नाही. मीसुद्धा नाही."

जावई ताडकन उठले. दारात जाऊन म्हणाले, "लावू दे गं. बघू देत. तूही बघ ना."

तिने हसून त्यांना बाहेर ढकलल्यासारखं केलं. "नको रे बाबा. तुला आवडत नाही, मला माहितीये." आणि खोकी पायाने हलकेच कॉटखाली सरकवून मैत्रिणींना दुसरंच काही दाखवायला लागली.

ते परत येऊन माझ्याशेजारी बसले. मी म्हटलं, "बापू, अजून वेळ गेलेली नाही. सांगा तिला एकदा तोंडाने, स्पष्ट."

"काय सांगू, आई?" ते म्हणाले. "माझ्याकरताच जपतेय ती."

आतून पोरींचं हसणं येत होतं. थोड्या वेळाने ते उठले आणि सगळ्यांना चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.